पडून राहिलेली बंदूक

तेजस्विनीनं ती तक्रार मोठ्यानं वाचली तेव्हा खोलीतले सगळे हसले, आणि आदेशही हसला. "सर, हे नवीनच आहे," ती म्हणाली. "उमरग्याचा कोणी समाधान आहे. म्हणतो, गेममध्ये मी मेलो की माझी खाली पडलेली बंदूक टीममधलं कोणीच उचलत नाही. बाकी सगळ्यांची उचलतात. आता काय, बंदूक उचलणं सक्तीचं करायचं?" पुन्हा हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, बेवारस शस्त्र सापडलं म्हणून पोलिसांत कळवा. आदेशचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि आत, बरगड्यांच्या खाली काहीतरी घसरलं; जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. त्यानं पाण्याची बाटली उघडली, प्यायला नाही, परत झाकण लावलं. "माझ्याकडे पाठव ती," तो म्हणाला. "अहो सर, बंद करून टाकते ना. शिवी नाही, धमकी नाही, फसवणूक नाही. कुठल्या रकान्यात बसवू?" "पाठव म्हटलं ना," तो म्हणाला. आवाज चढला असावा, कारण ती गप्प आपल्या जागेवर जाऊन बसली.

पुण्यातल्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पाच माणसं दिवसभर परक्यांची भांडणं वाचायची. घराघरांतून, सायबर कॅफेंतून लोक कंपनीचा बंदुकांचा गेम खेळायचे, पाच विरुद्ध पाच. हरले की एकमेकांच्या आयाबहिणी काढायचे आणि मग इथं तक्रार धाडायचे. प्रत्येक तक्रारीच्या तळाशी कॉम्प्युटर एकच विचारायचा: जबाबदार कोण, खेळाडू की कंपनी? समोर दोन गोल. टिंब एकातच पडायचं. दुसऱ्यात टाकायला गेलं की पहिल्यातलं आपोआप पुसलं जायचं. तीन वर्षांत आदेशनं हजारो टिंबं टाकली होती आणि खरं सांगायचं तर शंभरातली नव्वद-पंच्याण्णव खेळाडूच्याच गोलात. त्यात खोटं काही नव्हतं. शिवी देणाऱ्याच्या तोंडात कंपनी थोडीच शिवी घालते, असं वरचे साहेब म्हणायचे आणि आदेशला ते पटायचं. आता त्यानं समाधानची तक्रार उघडली. दोन ओळी होत्या. पहिली तेजस्विनीनं वाचलेली. दुसरी तिनं वाचली नव्हती, किंवा वाचण्यासारखी वाटली नव्हती. तो लिहीत होता, कारण मला माहीत आहे, पण तुमच्या फॉर्ममध्ये ते लिहायला जागा नाही.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर त्यानं त्या टीमच्या खेळाचं रेकॉर्डिंग लावलं. या गेमचं साधं गणित आहे: जो पडतो त्याची बंदूक जागेवर राहते, आणि मागून येणारा आपली फेकून ती घेतो, जर ती बरी असेल तर. शहाणा खेळाडू हे विचार न करता करतो. पडद्यावर समाधान पडला. चांगली, लांब पल्ल्याची बंदूक. त्याच्या मागून जो आला त्याच्या हातात नुसतं पिस्तूल. तो बंदुकीजवळ आला, थांबला आणि तिला वळसा घालून गेला. वळसा घालायला अरुंद जागा होती. भिंतीला घासून, बाजूनं, जपून गेला. ती हालचाल आदेशनं तीनदा मागे घेऊन पाहिली. ते गेममधलं चालणं नव्हतं. गेममध्ये कुणी असं पाऊल उचलून चालत नाही. डबा समोर होता, कुशाबाईनं, त्याच्या आईनं, गावाहून दिलेल्या चटणीचा वास येत होता, आणि त्यानं डब्याला परत झाकण लावलं. हे तो ओळखत होता. उमरग्याच्या पोरांनी शोधलंय असं त्याला वाटेना. हे आपण केलंय, आपण आणि चुलतभाऊ भागूनं, सहा वर्षांपूर्वी नारायणगावात, आणि कुठल्यातरी वाऱ्यानं ते तिकडं जाऊन रुजलंय, असं त्याला उगाचच वाटत राहिलं. तसं काही नव्हतं, हेही त्याला कळत होतं. कुणी शिकवावं लागत नाही, हीच तर गोम होती.

नारायणगावात जानकूचं सायबर होतं, स्टँडपासून जरा आत. आठ कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना बांधलेले, सगळ्यात जुन्याच्या डोक्यावर देवाचा फोटो आणि विझलेली उदबत्ती, दारात चपलांचा ढीग. दुपारी वीज जायची म्हणून सकाळचं कॉलेज बुडवून पोरं तिथं. वारूळवाडीतून आदेश, भागू, आणखी दोघं, आणि रत्नदीप. रत्नदीपचं घर बौद्ध वस्तीत. आजोबांनी दीक्षा घेतलेली, वडील बाजीराव गॅरेजात इंजिनं खोलायचे, आई द्रौपदा अंगणवाडीत. आदेशच्या घरची टोमॅटोची शेती, पिढ्यांची. पण पहिलीपासून दोघं एका बाकावर, आणि रत्नदीप त्याला आद्या म्हणायचा, तो त्याला रत्न्या. आदेशला एका गोष्टीचा लई अभिमान होता, की आपल्या घरात रत्न्यासाठी कप वेगळा नाही. खरंच नव्हता. कुशाबाई त्याला त्याच कपात चहा द्यायची आणि द्रौपदाकाकूच्या हातची भाकरी आदेशनं किती खाल्ली असेल याला मोजमाप नाही. म्हणजे घर धुतल्या तांदळासारखं होतं. जे काही व्हायचं ते पडद्याच्या आत झालं, जिथं कुणाचं घर नाही, जात नाही, कपडेसुद्धा सगळ्यांचे एकसारखे. आणि त्या पाचांत रत्नदीपसारखा कुणी खेळत नव्हता. तो खुर्चीत मागे रेलून, डोळे अर्धे मिटल्यासारखे करून खेळायचा. समोरचा दाराआडून बाहेर पडायच्या आधीच त्याला कळायचं. जानकू गिऱ्हाईक सोडून त्याच्या मागं उभा राहायचा. "ह्याच्या मनगटात काय हाय राव," म्हणायचा. भागूला ते सहन होत नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा आपल्यालाही होत नव्हतं का? हा प्रश्न आदेशला नको होता. तो त्याच्याभोवती जपून फिरत होता.

सुरुवात एवढीशी. एका सकाळी रत्नदीप पडला, भागू त्याच्या बंदुकीशी आला आणि हसत म्हणाला, "नको रं बाबा, बाटलो तर घरी आई दारात आंघोळ घालंल." पाचही जण हसले. रत्नदीपसुद्धा हसला, आदेशला त्याचं ते हसणं नीट आठवतं, कारण ते सगळ्यांच्या आधी संपलं होतं. तिथं कुणी म्हणायला हवं होतं, भाग्या, तोंड सांभाळ. म्हणायला आदेशच होता. तो म्हणाला नाही, कारण चेष्टा आहे, कशाला अंगाला लावून घ्यायचं. पुढच्या दिवशी भागूनं परत केलं. मग कुणीतरी काढलं की रत्न्याची बंदूक उचलली की आपण हरतो, परवा हरलो, त्याच्या आधी हरलो. बघता बघता तो शकुन झाला. खेळणारी माणसं शकुनाला पक्की. कुणी ठराविक खुर्ची सोडत नाही, कुणी उजवी चप्पल आधी काढतो. तसाच हा एक. जात कुठं होती त्यात? बंदूक अशुभ, बस. शकुन म्हटलं की सगळ्यांना हात झटकता येतात आणि आदेशनंही झटकले. तीन महिने त्यानं रत्नदीपच्या बंदुकीला हात लावला नाही आणि त्याच तीन महिन्यांत तो द्रौपदाकाकूकडं जेवत होता, आणि या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे त्याच्या मनात आलं नाही. रत्नदीपनं एकदा जानकूला सांगून पाहिलं. जानकू म्हणाला, "आता गेम काय मी बनवलाय व्हय? मी निस्ती मशीन लावलीत. तुमचं तुमी बघा, पोरांनो."

तिसऱ्या प्रहरी आदेश वर गेला, आकडे ठेवणाऱ्या खोलीत, आणि तिथल्या माणसाला म्हणाला, एक काढून देतोस का. समाधानची बंदूक किती वेळा पडली, जवळून टीममधला माणूस किती वेळा गेला, किती वेळा उचलली. तो माणूस म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे, सगळं साठवलेलंच असतं. खरंच पाच मिनिटं लागली. तीनशे बारा वेळा पडली होती, तीनशे बारा वेळा पडून राहिली होती. बाकी चौघांच्या बंदुका निम्म्याहून जास्त वेळा उचलल्या गेल्या होत्या. आदेश कागद घेऊन साहेबांकडं गेला. साहेब भला माणूस. कागद नीट वाचला, चष्मा काढला. "वाईट आहे हे," म्हणाले. "पण आपण शिक्षा काय म्हणून देणार? न केलेल्या गोष्टीची? अशा तक्रारींना आपला नियम आहेच. टीममधल्या एकानं लेखी दुजोरा दिला तर बघू. नाहीतर खेळाडूंच्या आपसातला मामला. सोमवारपर्यंत मिटवून टाक." आदेश म्हणाला, "सर, आपल्याला दिसतंय की. आपल्याकडं आकडा आहे." "आकड्याला कारण नसतं रे," साहेब म्हणाले. बाहेर येऊन तो जिन्यात उभा राहिला. राग आला होता आणि तो राग त्याला बरा वाटत होता, खोटं कशाला बोलायचं. सहा वर्षं हाच राग त्यानं सांभाळला होता. कंपनी. कंपन्यांना माणसं दिसत नाहीत. याच नोकरीच्या मुलाखतीत त्यानं सांगितलं होतं, माझ्या एका मित्रावर असा अन्याय झाला, त्यानं कंपनीला लिहिलं, कंपनीनं काही केलं नाही, म्हणून मला हे काम करायचंय. समोरच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नोकरी तिथंच पक्की झाली.

दोन हजार तीनची दिवाळीची सुट्टी. गेम आणणाऱ्या तेव्हाच्या कंपनीनं पुण्यात सामने ठेवले होते, एका मंगल कार्यालयात. जिथं पंगती बसायच्या तिथं टेबलं, कॉम्प्युटर, वर फलक. जिल्ह्यातल्या सायबरांतून टीम आल्या होत्या. वारूळवाडीची पाच पोरं एस.टी.नं आली, द्रौपदाकाकूनं दिलेले लाडू वाटेतच संपवून. रत्नदीपच्या जोरावर उपांत्य फेरीपर्यंत पोचली. शेवटच्या डावात चौघं पडले, रत्नदीप सगळ्यात शेवटी, समोरच्या दोघांना पाडून. उरला आदेश एकटा, हातात पिस्तूल, समोर एक गडी. या गेमची एक रीत आहे: मेलेल्या माणसाचा पडदा काळा होत नाही. त्याला जिवंत असलेल्या साथीदाराच्या डोळ्यांनी पुढचं दिसत राहतं. म्हणजे आदेश जे बघत होता तेच रत्नदीप शेजारच्या खुर्चीत बघत होता. गल्लीच्या तोंडाशी रत्नदीपची बंदूक पडली होती. आदेश तिच्यापाशी आला. त्याला ती दिसली, चांगली दिसली. उचलली असती तर जिंकत होते. त्यानं विचार केला नाही, हेच त्यानं सहा वर्षं स्वतःला सांगितलं, की विचार केला नाही, बोटांना सवय लागली होती. तो तिला वळसा घालून गेला. पाच पावलांवर मेला. हॉलमध्ये दुसरीकडं टाळ्या पडल्या. भागू काहीतरी ओरडला. रत्नदीपनं कानावरचं काढलं, वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली आणि इतकंच म्हणाला, "माझ्या डोळ्यादेखत, आद्या." परत येताना गाडीत तो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटा बसला. नारायणगावापर्यंत वळून बघितलं नाही. त्यानंतर तो जानकूच्या सायबरात आला नाही. जानकूच पुढं कधीतरी म्हणाला, "रत्न्यानं कंपनीला अर्ज केला व्हता म्हनं. कंपनीनं काय केलं न्हाई. मोठी लोकं ती." आदेशनं ते ऐकलं आणि त्याच्या छातीवरचं ओझं हललं. दोष ठेवायला एक जागा मिळाली होती, लांब, मोठी, नाव असलेली, आणि तिथं दोष ठेवून तो मोकळा झाला होता.

शुक्रवारी त्यानं रजा टाकली. रत्नदीप घोडेगावात असतो, एवढं आईकडून ऐकलं होतं. तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान, डोंगराकडल्या गावांतल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. मंचरहून गाडी बदलून तो पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. वाटेत त्यानं सगळं जुळवून ठेवलं होतं: तीनशे बाराचा कागद दाखवायचा, म्हणायचं, रत्न्या, बघ, तेव्हा तुला कुणी विचारलं नाही, आज मी भांडतोय. म्हणजे काहीतरी घेऊन जातोय, हात हलवत नाही. दुकान अरुंद होतं. बाकावर हौशीराम नावाचा एक डोंगरातला म्हातारा बसला होता आणि रत्नदीप त्याला विचारत होता, "बाबा, वाट कुणी अडवली ते नाव सांगा. नावाशिवाय अर्ज चालत न्हाई. भिऊ नका, मी लिवतो." रत्नदीप अंगानं भरला होता. चष्मा लागला होता. बोटं मात्र तीच, न बघता चालणारी. आदेश दारातच उभा राहिला. इतक्या वर्षांत आपल्याला हा माणूस रोज हवा होता, हे त्याला तिथं उन्हात उभं राहून कळलं. रत्नदीपनं मान वर केली. "बसा," तो म्हणाला. "एवढा अर्ज होऊ द्या." ओळखलं नाही असं आदेशला वाटलं. "रत्न्या, मी आद्या." "ओळखलं की. वारूळवाडीचे, संपतरावांचे आदेश. बसा ना. चहा सांगतो." तुम्ही. गालांत दोन दिल्या असत्या तर बरं, पण त्यात राग नव्हता. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं ते होतं.

म्हातारा अंगठा देऊन गेला. चहा आला. आदेशनं कागद काढला आणि सगळं सांगितलं, समाधानची तक्रार, वळसा, आकडा, साहेब. सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला. "कंपन्या म्हंजे अशाच, रत्न्या. त्यांच्याकडं सगळं साठवलेलं अस्तं आणि बघत न्हाईत. तुझ्या वेळंला पण हेच झालं. तू अर्ज केलास आणि त्यांनी कानावर हात ठेवले." रत्नदीप कागद वाचत होता. वाचून त्यानं तो दुमडला, परत दिला. "कोण म्हणालं तुम्हाला, माझ्या अर्जाचं काही झालं नाही?" "जानकू." "जानकूला काय माहीत. उत्तर आलं होतं. पंधरा दिवसांत, छापील कागदावर. टीममधल्या कोणा एकाची सही आणा, की असं होतंय म्हणून. मग पुढं बघू." आदेशला ऐकू आलं आणि तरी तो म्हणाला, "मंग?" "मग काय. ती घ्यायला तुमच्या दारात आलो होतो. काकू अंगणात मिरच्यांची देठं मोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, आदेश न्हाई घरी, मळ्यात गेलाय. मी म्हटलं, बरं काकू. चहा घे म्हणत होत्या, घेतला नाही."

ती दुपार आदेशच्या अंगावर आली. तो दाराआड होता. मागच्या खोलीत नाही, लांब नाही, दाराच्या फळीला पाठ लावून, अनवाणी. बाहेरून हाक आली होती, आद्या, हायस का रं? आणि त्यानं आईकडं बघून हात हलवला होता. एवढंच, दोन बोटं. भांडायला आला असंल, चारचौघांत काहीतरी बोलंल, नंतर भेटू, शांत झाल्यावर. असं तो तेव्हा स्वतःशी म्हणाला होता. नंतर कधी भेटला नाही, आणि ती दुपार त्यानं कुठं ठेवून दिली कुणास ठाऊक, सहा वर्षांत एकदाही हाताला लागली नव्हती. "मला वाटलं तू भांडायला आलास," तो म्हणाला. "भांडायला आलो असतो तर असा परत गेलो असतो का?" रत्नदीप म्हणाला. "तुला ठाव व्हतं मी घरात हाय?" रत्नदीपनं चष्मा काढून शर्टाला पुसला. "काकूंनी आधी दाराकडं बघितलं, मग बोलल्या." रस्त्यावरून एक गाडी हॉर्न देत गेली. "मंग दुसऱ्या कुणाची..." आदेशनं वाक्य सोडलं. "कोणाची? भागूची?" पहिल्यांदा त्याच्या आवाजाला धार आली, आणि त्या धारेत त्याची जुनी बोली परत आली. "तुझ्याबिगर कुणाला मागनार व्हतो मी? बंदूक न्हाई उचलली, ते मी गिळलं असतं रं. खेळ हाय म्हनलं असतं. सही मागाया आलो आन तू लपलास." मग तो थांबला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि चष्म्याबरोबर ती बोली परत गेली.

"पन त्यांच्याकडं रेकॉर्डिंग व्हतं," आदेश म्हणाला; बुडत्या माणसासारखा तो त्या कंपनीला धरून होता. "सही कशाला लागत व्हती त्यान्ला?" "होतं की रेकॉर्डिंग. मी पत्रात लिहिलं होतं, बघा म्हणून. त्यांना बघणं जड होतं आणि तुम्हाला सही जड होती. दोघांचं मिळून झालं." त्यानं दुसऱ्या कुणाच्या अर्जाला पिना मारल्या, एक, दोन. "आता एक करता आलं तर करा. त्या उमरग्याच्या पोराला सही मागू नका. तोही कुणाच्या तरी दारात जाईल." आदेशला म्हणायचं होतं, मी आत्ता देतो सही, दे कागद, काय वाट्टेल ते लिहून घे. तो म्हणालाही तसं, अर्धवट. रत्नदीपनं शांतपणे विचारलं, "कुणाला दाखवू ती?" ती कंपनी कधीच बंद पडली होती. टीम मोडली होती. भागूचं लग्न झालं होतं, दोन ट्रॅक्टर होते. दारात दोन बाया सातबाराचे उतारे घेऊन उभ्या राहिल्या आणि रत्नदीप त्यांना म्हणाला, या मावशी. आदेश उठला. "मंचरची गाडी एकला आहे," रत्नदीप म्हणाला. "पुढं मग तीनपर्यंत नाही. या पुन्हा." त्यानं ते अगदी नीट, पाहुण्याला म्हणावं तसं म्हटलं आणि उतारे हातात घेतले.

स्टँडवर येऊन आदेशनं तेजस्विनीला फोन लावला. "समाधानची तक्रार उघड," तो म्हणाला. "टीममधल्या कुणाचाही दुजोरा मागायचा नाही. रेकॉर्डिंग आणि आकडा लाव. चौघांनी केलंय आणि आपण बघितलं नाही. दोघं जबाबदार." "सर, दोन्ही गोल भरता येत नाहीत. एक भरला की दुसरा जातो." "ठाऊक आहे. मग गोल रिकामे ठेव, कागद छापून घे आणि खाली हातानं लिही. माझं नाव घाल." "साहेब चिडतील, सर. नियम आहे तो." "चिडू दे." "आणि कारण काय लिहू? ते बंदूक का उचलत नाहीत याचं?" आदेशनं सांगितलं. सरळ, गावच्या भाषेत, भागू जे हसत म्हणाला होता ते शब्द आणि ते ऐकून आपण हसलो होतो तेही. पलीकडं कागद ओढल्याचा आवाज आला. मग तेजस्विनी म्हणाली, "लिहिते." नोकरी राहील की जाईल याचा त्यानं विचार करून पाहिला, पण मन त्यावर ठरेना. ते पोर आता कुणाच्या दारात जाणार नाही एवढं झालं होतं. ते चांगलं झालं होतं, आणि त्यानं त्याच्या जिवाला काडीचा आराम पडला नाही.

गाडी भरलेली होती. खिडकीजवळ एक म्हातारी, मांडीवर पिशवी. तिच्या शेजारी जागा मिळाली. घोडेगावची घरं मागं पडली आणि आदेशला रडू फुटलं. त्यानं तोंड फिरवलं, रुमाल लावला, खोकल्याचं सोंग केलं, पण ते आवरेना. खांदे हलायला लागले आणि पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. म्हातारीनं थोडा वेळ जाऊ दिला. मग तिनं पिशवी बाजूला सरकवली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच विचारलं, "कोन गेलं रं बाबा?"

"मैतर," आदेश म्हणाला.

"आगं आई. कवा?"

"सा वर्सं झाली."

तिचा हात पाठीवरच थांबला. त्याच्या तोंडाकडं तिनं निरखून पाहिलं, याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं. "मंग आज कशापायी रडतूस?"

"आज कळलं," तो म्हणाला.